‘प्लीज’ चिकटवून भागत नाही

पत्र

बाई,

तुमचा थोडा वेळ घ्यायचा होता. मी सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. माझा एक माजी विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत ८९ गुण, पुण्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागला. दुसऱ्याच महिन्यात एका परदेशी पाहुण्याने ‘हा मुलगा उद्धट आहे’ अशी लेखी तक्रार केली. खोली तयार नव्हती, तेव्हा हा म्हणाला होता, ‘यू विल हॅव टू वेट. द रूम इज नॉट रेडी.’ बाई, वाक्यात एकही चूक नाही. आणि पोरगा स्वभावाने अगदी गरीब. आता त्याला वाटतंय, आपलं इंग्रजीच कच्चं.

तेव्हापासून मी वर्गात कान देऊन ऐकतोय. ‘सर, आय वॉन्ट युअर सिग्नेचर.’ ‘सर, गिव्ह मी लीव्ह टुमॉरो.’ मी म्हटलं, प्लीज लावा. आता सगळे ‘प्लीज गिव्ह मी लीव्ह’ म्हणतात आणि ते तितकंच खटकतं. हे व्याकरणाच्या कुठल्या धड्यात बसतं? मी स्वतः महाराष्ट्राबाहेर फारसा गेलेलो नाही. मला जे येत नाही ते शिकवू कसं? शिवाय आमचे एक सहकारी म्हणतात, पोरांना साहेबापुढे वाकायला कशाला शिकवताय?

— एक इंग्रजी शिक्षक

उत्तर

सर,

तुमच्या पत्राचं पहिलं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘तुमचा थोडा वेळ घ्यायचा होता.’ होता? वेळ तर तुम्हाला आत्ता हवाय. मग भूतकाळ कुठून आला? तुम्हाला हे कुणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नाही. मागणी भूतकाळात ठेवली की ती एक पाऊल मागे सरकते आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा राहते, हे तुम्हाला आईच्या कडेवर असल्यापासून माहीत आहे. आता इंग्रजी बघा : ‘आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग’, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड साइन धिस’. अगदी तीच युक्ती. आपण वर्गात ‘वॉन्टेड’ हा ‘वॉन्ट’चा भूतकाळ म्हणून शिकवतो, नियमित क्रियापद, ‘ईडी’ लावा, पुढे चला. त्याचं हे दुसरं काम सांगायचं राहून जातं. तेव्हा ‘मला जे येत नाही’ हे तुमचं म्हणणं तुमच्याच पहिल्या ओळीने खोडून काढलंय.

आता त्या मुलाकडे येते. तोच मुलगा गावी काकाच्या लॉजवर बसला असता आणि कोल्हापूरचा कुणी पाहुणा आला असता, तर तो काय म्हणाला असता? ‘तुम्हाला थांबावं लागेल. खोली तयार नाही.’ शक्यच नाही. तो म्हणाला असता, ‘या साहेब, बसा. काय आहे ना, खोली साफ करायला घेतलीय, दहाच मिनिटं. चहा सांगू?’ म्हणजे त्याच्याकडे रीत होती. इंग्रजीत शिरताना ती त्याने दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवली, कारण दहा वर्षं आपण त्याला भाषांतराची वाक्यं दिली आणि भाषांतराच्या वाक्यात ‘काय आहे ना’ कधी नसतं. (२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं हा आकडा म्हणून मी हवेतून काढलेला नाही.)

‘काय आहे ना’ला इंग्रजीत काय म्हणतात, माहीत आहे? ‘आय एम अफ्रेड’. ‘आय एम अफ्रेड युअर रूम इजन्ट क्वाइट रेडी येट.’ इथे कुणी कुणाला भीत नाही. वाईट बातमी येतेय, जरा सावरा, एवढंच त्यातून कळतं. ‘बसा’ची जागा ‘वुड यू लाइक टू हॅव अ सीट?’ घेतं आणि ‘चहा सांगू?’ची ‘कॅन आय गेट यू सम टी?’ ‘नॉट रेडी’चं ‘इजन्ट क्वाइट रेडी येट’ झालं, त्यात ‘येट’ या इवल्याशा शब्दाने ‘होतेच आहे’ असा दिलासा दिला. मराठीत तेच काम ‘दहाच’मधला ‘च’ करतो.

तुमचा प्रश्न होता की हे कुठल्या धड्यात बसतं. धड्यात बसत नाही, म्हणूनच ते सुटतं. भाषेच्या अभ्यासात याला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. मी वर्गात ‘बोलण्याची रीत’ म्हणत आले. वाक्य बरोबर आहे का हा एक प्रश्न. ते या माणसाला, या वेळी, या जागी बोलायचं होतं का हा दुसरा. जेनी थॉमस नावाच्या ब्रिटिश भाषाभ्यासक बाईंनी १९८३ मध्ये एक गोष्ट लिहून ठेवली, ती तुमच्या मुलाला तंतोतंत लागू पडते. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा कमी येते. रीत चुकली तर तो म्हणतो, हा माणूसच असा. आणि ज्याचं व्याकरण चांगलं, त्याला हा फटका जास्त बसतो, कारण भाषेची सबब त्याला कुणी देत नाही. तुमचा मुलगा अडखळत ‘सर, रूम... नो... फाइव्ह मिनिट’ म्हणाला असता, तर त्या पाहुण्याने हसून मान डोलावली असती. तुमचे ८९ गुण त्याला महागात पडले.

तुम्हाला इतकी वर्षं हे का ऐकू आलं नाही, याचंही वाईट वाटून घेऊ नका. कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग आणि झोल्टान डॉर्नियेई या दोन भाषाभ्यासकांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही संवादांत व्याकरणाची चूक होती, काहींत रीतीची. हंगेरीत राहून इंग्रजी शिकणाऱ्यांना, आणि त्यांच्या शिक्षकांनाही, व्याकरणाची चूक जास्त गंभीर वाटली. अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना आणि तिथल्या शिक्षकांना मात्र रीतीची. म्हणजे जिथे इंग्रजी वर्गाबाहेर भेटत नाही, तिथे सगळ्यांचा कान लाल पेनासारखा होतो. तुमचा तसा होता, माझाही होता. आता तो उघडलाय, एवढं पुष्कळ.

माझा किस्सा सांगू? बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला इंग्लंडहून एक पाहुण्या मार्गदर्शक आल्या होत्या. त्यांची सोय बघायचं काम माझ्याकडे. मी रोज सकाळी आणि दुपारी आपुलकीने त्यांना म्हणायची, ‘यू आर लुकिंग व्हेरी टायर्ड, मॅडम.’ आपण नाही का म्हणत, ‘दमलेल्या दिसताय हो आज’? तिसऱ्या दिवशी त्या बिचकत म्हणाल्या, ‘माझी सत्रं कंटाळवाणी होतायत का?’ माझी माया त्यांच्यापर्यंत ‘तुमचा अवतार झालाय’ अशी पोचत होती.

आता वर्गात काय करायचं. ‘प्लीज’पासून सुरुवात करू नका. मराठीत ‘कृपया’ फक्त पाटीवर राहतं. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात.’ घरात कुणी कुणाला ‘कृपया पोळी वाढ’ म्हणत नाही. मग आपल्याकडे विनंती राहते कुठे? क्रियापदात, ‘जरा’मध्ये, ‘ना’मध्ये, ‘का’मध्ये, हाकेत आणि सुरात. मुलांना ‘प्लीज’ दिलं की ती कोथिंबिरीसारखं ते वरून भुरभुरवतात. खाली भाजी तीच, हुकुमाची. ‘प्लीज गिव्ह मी लीव्ह’ हा ‘कृपया’ची टोपी घातलेला हुकूमच आहे. तुमच्या कानाला ते खटकलं, कान शाबूत आहे तुमचा.

म्हणून पहिला तास मराठीत घ्या. हो, इंग्रजीच्या तासाला. मुख्याध्यापक दारातून डोकावले तर माझं नाव सांगा. फळ्यावर एवढंच लिहा : पेन मागायचंय. कुणाकडे? बाकावरच्या मित्राकडे, मोठ्या बहिणीकडे, एसटीत शेजारी बसलेल्या आजोबांकडे, बँकेच्या काउंटरवरच्या साहेबांकडे. मुलं धडाधड सांगतील. ‘ए, पेन दे.’ ‘ताई, पेन दे ना.’ ‘आजोबा, जरा पेन देता का?’ ‘साहेब, पेन मिळेल का?’

इथे थांबा आणि शेवटच्या वाक्यावर अर्धा तास घालवा. ‘पेन मिळेल का?’ यात देणारा कुठे गेला? ‘तुम्ही’ नाही, ‘द्या’ नाही. साहेबांना काही करायला सांगितलेलंच नाही. फक्त पेनाची चौकशी केली, जणू ते आपणहून येणार आहे. मुलांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे बघा. मग इंग्रजीकडे वळा : ‘कुड आय हॅव अ पेन?’ इथेही ‘यू’ गायब. ‘गिव्ह’ गायब. आपण देणाऱ्याला पुसून टाकलं आणि पेन ठेवलं. त्यांनी देणाऱ्याला पुसून ‘आय’ ठेवला. युक्ती एकच, खेळी वेगळी. ‘सर, आय वॉन्ट युअर सिग्नेचर’ म्हणणाऱ्या पोराला याच वाटेने ‘सर, कुड आय गेट युअर सिग्नेचर ऑन धिस?’पर्यंत नेता येतं, आणि त्याला ते पाठ करावं लागत नाही, कारण ते त्याचंच आहे.

मग त्यांना सांगा की इंग्रजीत तू, तुम्ही, आपण हे तीन जिने नाहीत. सगळ्यांना एकच ‘यू’. मराठी माणूस ‘तुम्ही’ म्हणाला की निम्मा आदर तिथेच पोचतो, म्हणून पुढचं वाक्य आखूड असलं तरी चालतं. ‘तुम्ही सही करा’ यात थोडा तरी मान आहे. ‘यू साइन हिअर’ यात काहीच नाही. जो मान आपण सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेपटीत ठेवतो, तो इंग्रजी वाक्याच्या बांधणीत ठेवते : ‘कॅन’च्या जागी ‘कुड’, हुकुमाच्या जागी प्रश्न, आणि गरज पडली तर ‘वुड यू माइंड’. वाक्य लांबतं. आमच्या मुलांना वाटतं, लांब वाक्य म्हणजे इंग्रजी चांगलं असल्याची ऐट. ती ऐट नाही. ते ‘तुम्ही’चं भाडं आहे.

किती लांबवायचं, हे मात्र तीन गोष्टींवर ठरतं आणि मुलांना त्याही ठाऊक असतात. समोरचा किती मोठा, किती ओळखीचा, आणि मागणं किती जड. मित्राकडे पेन आणि मित्राकडे मोटारसायकल यांची वाक्यं मराठीतही वेगळी असतात. ‘अरे, एक काम होतं... म्हणजे बघ, जमलं तर... उद्या गाडी मोकळी आहे का तुझी?’ हे लांबण कुणी शिकवलं? ‘कुड यू पॉसिब्ली लेंड मी युअर बाइक’ यातलं ‘पॉसिब्ली’ म्हणजे आपलं ‘जमलं तर’. उलट, मित्राकडे पेन मागताना ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली’ म्हटलं तर तो विचारेल, भांडण झालंय का आपलं?

रजेच्या अर्जाबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘आय बेग टू स्टेट’, ‘मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली’. हे आपण अजून लिहून घेतो. कचेरीत साहेबापुढे हात जोडून उभं राहायच्या काळातली ही भाषा. परिणाम असा की मुलांकडे इंग्रजीचे दोनच पेहराव असतात : एकतर अर्ज, नाहीतर हुकूम. रोज अंगावर घालायचा सदरा त्यांना कुणी शिवलेलाच नाही.

आणि इथे तुमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न येतो. तो मी उडवून लावणार नाही. ज्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून ‘जी मालक’ म्हटलंय, त्या घरातल्या मुलाला ‘जरा नम्रपणे बोल’ म्हणणं ही साधी सूचना राहत नाही. म्हणून वर्गात ‘नम्र’ आणि ‘उद्धट’ हे शब्दच वापरू नका. ‘हे वाक्य ऐकून त्याला काय वाटेल?’ एवढंच विचारा. थॉमस बाईंनीच दोन प्रकार वेगळे केले होते. एक, मनात बरोबर होतं पण वाक्य भलतंच निघालं. हे आपण व्याकरणासारखं सुधारावं. दुसरं, कुणाला किती मान द्यायचा याबद्दलचा अंदाजच वेगळा; तिथे सुधारायचं नाही, बोलायचं, चर्चा करायची. कारण तो मुलाच्या घरचा आणि मनाचा प्रश्न आहे. त्याला पुण्यातल्या साहेबाला ‘सर’ म्हणायचं नसेल तर न म्हणण्याचा त्याला हक्क आहे. फक्त ते त्याने ठरवून करावं, नकळत होऊ नये. त्यामुळे नुसत्या विनंत्या शिकवू नका. तक्रार शिकवा. नकार शिकवा. ‘आय एम सॉरी, बट आय कान्ट ॲक्सेप्ट धिस’ हे वाक्य डोळ्यात बघून म्हणायला लावा. हॉटेलातल्या त्या मुलाला उद्या पाहुणा विनाकारण अंगावर आला, तर त्याच्या हातात तेही हत्यार हवं. असं सगळं शिकवल्यावर तुमचे सहकारी वाकण्याचं नाव काढणार नाहीत, आणि काढलंच तर त्यांना तो नकाराचा तास घ्यायला सांगा.

हा रस्ता एकेरी नाही, याचा एक दाखला मला फार आवडतो, आणि त्यातला माणूस तुमच्या जिल्ह्यात येऊन गेलेला आहे. जॉन गम्पर्झ, माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचे अभ्यासक. त्यांना दिसलं की कुपवाडला मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्यरचना शेजाराने इतकी सारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून नेता यायचं. हा त्यांचा विल्सन या सहकाऱ्याबरोबरचा लेख १९७१ चा. पुढे याच गम्पर्झनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कॅन्टीनचा किस्सा नोंदवला. तिथे वाढायला नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायकांबद्दल ‘फटकून वागतात’ अशी कुरकुर होती. बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं तर सापडलं काय? एक शब्द. ‘ग्रेव्ही’. ब्रिटिश वाढपी सूर वर नेत विचारायची, ‘ग्रेव्ही?’ म्हणजे हवी का. या बायका सूर खाली टाकायच्या, ‘ग्रेव्ही.’ त्यांच्या मनात प्रश्नच होता, ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, ‘ही घे ग्रेव्ही, हवी तर घे.’ बायकांना आधी दोन्हीत फरकच कळेना. मग सगळ्यांना एकत्र बसवून ते ऐकवलं, त्यावर बोलणं झालं. त्यात बायकांना तर कळलंच, पण वरिष्ठांनाही कळलं की हा त्यांचा विचारण्याचा सहज सूर आहे, फटकारणं नाही. दोन्हीकडचं वागणं बदललं.

तुम्ही मोबाइलवर हेच करू शकता. दोन मुलं, एक प्रसंग, एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण. मग वर्गाला ऐकवा आणि विचारा : पाहुणा बसेल की तक्रार लिहील? आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. वेगळं पुस्तक नको. धड्यातल्या कुठल्याही संवादात पात्रं बदला : मित्राच्या जागी स्टेशनमास्तर घाला आणि वाक्यं पुन्हा लिहायला लावा. तोंडी परीक्षेचे गुण तुमच्याच हातात असतात, त्यातले दोन-तीन रीतीसाठी ठेवा. गुण नसले तर मुलं मनावर घेत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि ‘ऐकून ऐकून येईल आपोआप’ यावर विसंबू नका. नुसतं कानावर पडण्यापेक्षा ‘हे असं का म्हटलं’ हे उघड सांगून शिकवलेलं जास्त टिकतं, असाच संशोधनाचा कल आहे.

दोन जागा मात्र जपून. एक, आपलं ‘बघतो’ आणि ‘प्रयत्न करतो’. मराठीत हा सभ्य नकार आहे, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळलेला. इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ म्हटलं की ऐकणारा निम्मं काम झालं असं धरतो आणि शुक्रवारी विचारायला येतो. नोकरीला लागलेल्या मुलांना हे सर्वांत महाग पडतं. दुसरी, ‘कुठे निघालात?’ आपल्याकडे ही विचारपूस. उत्तर ‘हे काय, इथवर’ असलं तरी चालतं. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ही चौकशी होते, पोलिसी. त्यांचं ‘हाउ आर यू?’ म्हणजे आपलं ‘कुठे निघालात?’, त्यालाही खरं उत्तर नको असतं.

अर्थात समोरचा चेन्नईचा किंवा लखनौचा असेल, तर यातलं बरंच सैल करा. ‘डू वन थिंग’ हे आपलं ‘एक काम करा’, आणि ते भारतभर चालतं. त्यावर लाल रेघ मारू नका. इंग्रजी कुणाशी बोलायचंय हे आधी, मग रीत.

आज रात्री त्या मुलाला फोन करा. इंग्रजी कच्चं नाही, हे आधी सांगा. मग विचारा, ‘काकाच्या लॉजवर असतास तर काय म्हणाला असतास?’ तो मराठीत सांगेल ते त्यालाच लिहून काढायला लावा आणि दोघं मिळून एकेका तुकड्याचं इंग्रजी शोधा. वाक्यं त्याने ठरवू देत, तुम्ही फक्त ‘आय एम अफ्रेड’ पुढे करा.

आणि सोमवारी पेनाचा तास घेतलात की मुलांनी काय काय सांगितलं ते मला जरूर कळवा. तुमच्याकडे ‘पेन दे की’ नक्की येणार. त्या ‘की’मध्ये हट्ट आहे, जवळीक आहे, थोडी तक्रारही आहे, आणि त्याचं इंग्रजी मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.